विष्णुकाकांच्या नावाचं पाकीट

पत्र आलं तेव्हा घरात लाडू वळणं चालू होतं, त्यामुळे ते उघडायला कुणाचेच हात मोकळे नव्हते. देवयानीने ते फाटकातून उचललं आणि "पापा का है" म्हणून टीव्हीवर ठेवून दिलं. लग्नघरात रोज टपालाचा ढीग येतो. त्यात एका निळ्या अंतर्देशीय पत्राची काय मातब्बरी! पण माणिकबाईंची नजर पत्त्यावर गेली आणि हातातला लाडू त्यांनी अर्धवट वळलेलाच परातीत ठेवला. ते बारीक, तिरकं अक्षर त्या सत्तेचाळीस वर्षं ओळखत होत्या.

"सरोजचं पत्र आहे," त्या म्हणाल्या. "लखनौतल्या लखनौत, महानगर मोहल्ल्यातून विकास नगरला पत्र? रिक्षाने दहा मिनिटं लागतात!"

"आल्यावर उघडतील की हे," नीलम म्हणाली. ती घरातली सून, आणि नवऱ्याच्या नावाचं टपाल कुणी फोडलेलं तिला खपत नसे. "त्यांच्या नावाचं आहे ना."

"सरोजने लिहिलंय म्हणजे या घराला लिहिलंय. मृणाल, तू वाच. माझे हात बेसनाचे आहेत."

लेक मृणाल आठ दिवसांपूर्वीच पुण्याहून भाचीच्या लग्नासाठी आली होती. ती तिकडे एका कॉलेजची प्रिन्सिपॉल, त्यामुळे कुणी वाच म्हटलं की ती सभेत वाचल्यासारखं वाचते. तिने पत्राची घडी उलगडली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"डॉ. निरंजन मोघे यांस सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. चि. सौ. कां. देवयानीच्या विवाहाचे निमंत्रण कुरियरने पोचले. वाचून आनंद झाला. निमंत्रण श्री. विष्णू खांबेटे यांच्या नावे आहे." मृणालचा आवाज इथे खाली आला. "ते गेल्या अकरा मार्चला वारले. त्यामुळे त्यांना येणे जमणार नाही, क्षमस्व. आलेल्या पत्राला उत्तर न देणे त्यांना कधी आवडले नाही, म्हणून त्यांच्या वतीने मी कळवीत आहे. वधूवरांस अनेक शुभाशीर्वाद. आपली, सरोज खांबेटे."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद करायलाही कुणी उठलं नाही.

कोपऱ्यातल्या खुर्चीत अण्णा, म्हणजे दत्तात्रय मोघे, वर्तमानपत्र धरून बसले होते. पंचाहत्तरी झाली तरी संशोधन संस्थेतली सवय सुटली नव्हती; कुठलीही गोष्ट दोनदा तपासल्याखेरीज ते मत देत नसत. "पुन्हा वाच," ते म्हणाले.

"नको," माणिकबाई म्हणाल्या. "एकदा पुरे झालं."

मोघ्यांच्या घरी कुठलंही मंगलकार्य निघालं की पहिली अक्षत गणपतीला आणि दुसरी खांबेट्यांच्या दाराला, हा शिरस्ता होता. तो कुणी शास्त्रात लिहिलेला नव्हता. एकावन्नच्या जानेवारीत दत्तात्रय आणि माणिक दोन वर्षांच्या निरंजनला घेऊन चारबाग स्टेशनवर उतरले तेव्हा त्यांच्याजवळ वाईहून आणलेल्या दोन सुती चादरी होत्या आणि लखनौची थंडी म्हणजे काय याची गंधवार्ता नव्हती. फलाटावर एक चष्मेवाला तरुण दोन रजया खांद्यावर टाकून, हरवल्यासारखा, डब्यामागून डबा बघत चालला होता. तो विष्णू खांबेटे. विद्यापीठात गणित शिकवायचा. संस्थेत एक मराठी माणूस रुजू व्हायला येतोय, बायको आणि लहान मूल बरोबर आहे, एवढंच त्याच्या कानावर आलं होतं. ना ओळख ना पाळख. "म्हटलं, पहिल्या रात्री तरी पोराला गार लागू नये," असं म्हणून त्याने निरंजनला रजईत गुंडाळून उचललं होतं. घर मिळेपर्यंत दीड महिना मोघे खांबेट्यांकडेच राहिले. खांबेट्यांना पुढे मूलबाळ झालं नाही. निरंजन निम्मा त्यांच्याच अंगणात वाढला. त्याला गणित विष्णुकाकांनी शिकवलं आणि पुरणपोळी खायला सरोजकाकूने.

आणि त्या विष्णुकाकांना, ते जाऊन आठ महिने लोटल्यावर, त्याच निरंजनने कुरियरने पत्रिका धाडली होती.

"लेबलं कुणी काढली?" मृणालने विचारलं.

"मैंने," देवयानी दारातून म्हणाली. पोर बावीस वर्षांची, मराठी सगळं कळायचं, पण उत्तर मात्र हिंदीत. "दादी, पापा ने मराठी मंडल की फ्लॉपी दी थी, चार सौ नाम थे। बोले, सबको कुरियर कर दो। मैंने नाम पढ़े ही नहीं। सॉरी।"

"तुझी चूक नाही ग," माणिकबाई म्हणाल्या. "सरोजची पत्रिका त्या चारशेंबरोबर जायचीच नव्हती. ती मी वेगळी काढून त्याच्या हातात दिली होती. करंड्यात अक्षता भरून दिल्या होत्या. माझे गुडघे चालत नाहीत म्हटल्यावर तोच म्हणाला, आई, तू कशाला दगदग करतेस, मी स्वतः जाऊन देतो. चार दिवसांनी विचारलं तर म्हणाला, दिली."

आता नीलम आणि मृणाल यांचं पुढे काय होणार हे माणिकबाईंना लाडू वळण्याइतकं पाठ होतं. झालंही तसंच.

"दादाला कुणाकडे बघायलाही वेळ नसतो हल्ली," मृणालने सुरुवात केली. "मी आले त्या दिवशी मान वर न करता 'कशी आहेस' म्हणाला. पेशंटशी तसंच वागत असेल. ही शिकली-सवरलेली माणसं, वहिनी, यांच्याहून आमचा कॉलेजचा शिपाई बरा."

"दिवसाला साठ पेशंट बघतात हे," नीलमचा आवाज चढला. "सकाळी सातला जातात. हॉल, केटरर, बख्शी का तालाबला होणाऱ्या जावयाच्या, सुबोधच्या घरी चार फेऱ्या, सगळं त्यांनीच केलंय. एक पाकीट चुकलं तर लगेच शिपायापेक्षा वाईट? आणि वन्सं, राग मानू नका, विष्णुकाका गेले तेव्हा तुम्ही तरी दोन ओळी टाकल्या होत्यात का?"

मृणालने पत्राची घडी पुन्हा घातली. मार्चमध्ये तिचं ऑपरेशन झालं होतं हे खरं. त्यासाठीच अण्णा आणि माणिकबाई दोन महिने पुण्याला होते. पण एप्रिलमध्ये ती कॉलेजात रुजू झाली होती, आणि आता तर नोव्हेंबर सरत आला होता.

"टाकायचं होतं," ती म्हणाली. "रोज ठरवत होते. मग इतके दिवस झाले की लाज वाटायला लागली."

"मग त्यांनाही वाटली असेल," नीलम म्हणाली. तिने हे वादात जिंकण्यासाठी म्हटलं होतं, पण म्हटल्यावर तीच जरा थबकली.

अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "आमच्या वेळी तिसऱ्या दिवशी उत्तर जायचं. नकार असला तरी जायचं. आता संस्थेत मुलाखतीला बोलावलेला माणूस कलकत्त्याहून येतो आणि इथे आल्यावर त्याला कळतं की मुलाखत रद्द झाली. पीएचडी झालेली माणसं आहेत सगळी. कुणाला विचारलं तर म्हणतात, कळवायचं राहून गेलं." ते थोडं थांबले. "मला वाटायचं, आपल्या घरात हे येणार नाही."

माणिकबाईंनी तो अर्धवट लाडू पुन्हा हातात घेतला. त्यांना दुसरीच गोष्ट टोचत होती. एप्रिलमध्ये पुण्याहून आल्या आल्या, बॅगासुद्धा न सोडता त्या सरोजला भेटायला गेल्या होत्या. सरोज म्हणाली होती, "निरंजनने खूप केलं ग." ते ऐकून या माउलीचा ऊर भरून आला होता, आणि मंडळाच्या हळदीकुंकवात त्यांनी ते चार जणींना सांगितलंही होतं. आज त्या पत्रातले 'डॉ. निरंजन मोघे यांस' हे शब्द मात्र त्यांना खटकले. सरोजने निरूला असं कधी लिहिलं नव्हतं. काहीतरी त्यांना माहीत नव्हतं, आणि ते पाकिटापेक्षा मोठं होतं.

निरंजन अडीचला जेवायला आला. शनिवारी तो दुपारी घरी जेवायचा, तेवढीच चैन. चपला काढता काढताच त्याने नीलमला विचारलं, "केटररचा फोन?" आणि मग खोलीतली सगळी तोंडं आपल्याकडे वळलेली पाहून थांबला. "क्या हुआ?"

माणिकबाईंनी पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने उभ्याउभ्या वाचलं. केस पिकलेला, पोट सुटलेला, शहरात ज्याची वेळ मिळायला पंधरा दिवस लागतात असा हा हृदयविकाराचा डॉक्टर, पण वाचताना खालचा ओठ आत ओढायची लकब दुसरीतल्या पोराची होती.

"लिस्ट जुनी होती," तो म्हणाला. "क्लेरिकल चूक आहे. मी फोन करतो काकूंना."

"करंडा कुठे आहे?" माणिकबाईंनी विचारलं.

"अं?"

"अक्षतांचा करंडा, निरू. चांदीचा."

"गाडीत आहे." तो खुर्चीत बसला. "आई, मी जाणार होतो. दोनदा त्यांच्या गल्लीपर्यंत गेलो. एकदा इमर्जन्सी आली."

"आणि दुसऱ्यांदा?"

तो गाडीच्या किल्ल्या हातात फिरवू लागला.

"मला दिली म्हणून सांगितलंस."

"सगळ्यांना कुरियर केलंय, त्यांनाही करू म्हटलं. पोचल्याशी मतलब." हे बोलताना त्याने स्वतःचाच आवाज ऐकला असावा, कारण पुढचं वाक्य त्याने गिळलं.

"मार्चमध्ये तू भेटायला गेला होतास ना?" माणिकबाई त्याच्यासमोर वेताच्या मोड्यावर बसल्या. "विष्णुपंत तुझ्याच नर्सिंग होममध्ये गेले. दहाव्याला, तेराव्याला, केव्हातरी गेलाच असशील. सरोज म्हणाली होती मला, निरंजनने खूप केलं म्हणून."

"असं म्हणाल्या?" निरंजनने मान वर केली. "काकू असं म्हणाल्या?"

त्याच्या चेहऱ्याकडे बघून माणिकबाईंना उत्तर मिळालं. अग्नी कानपूरचा पुतण्या राजेश याने दिला, हे त्यांना माहीत होतं. पण निरू तिथे नव्हता, नंतरही नव्हता, आणि सरोजने आठ महिने ते झाकून ठेवलं होतं. तेही त्याच्या आईपासून.

"दादा!" मृणाल म्हणाली.

"तू गप्प बस," माणिकबाई तिच्यावर खेकसल्या, आणि मग उठल्या. उठताना गुडघ्याने कळ दिली ती त्यांनी रागाच्या भरात मानलीच नाही. "नीलम, माझी शाल दे. निरू, गाडी काढ."

"जेवू तरी दे त्याला," अण्णा म्हणाले.

"आल्यावर जेवेल."

"आई," नीलम शाल आणता आणता हळूच म्हणाली, "मी येऊ? लेबलं मीही तपासली नाहीत." माणिकबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तेवीस-चोवीस वर्षांत या सुनेशी त्यांचं मेतकूट जमलं नव्हतं, पण त्या क्षणी त्यांना ती आवडली. "तू लाडू संपव," त्या म्हणाल्या. "हे माझं नि याचं आहे."

मारुती विकास नगरच्या बाजारातून रांगत निघाली. मटारच्या गाड्या, रिक्षा, एका ठेल्यावर चढलेला गीझर. निरंजन एक शब्द बोलत नव्हता. माणिकबाईंनी समोरचा कप्पा उघडला तर आत करंडा होता. त्यांनी तो मांडीवर घेतला, मग पुन्हा आत ठेवून कप्पा बंद केला.

"घेऊन चल ना," निरंजन म्हणाला.

"नाही. आपण निमंत्रणाला चाललेलो नाही. भेटायला चाललोय. ते आधी." आणि मग न राहवून, "का गेला नाहीस रे? एवढा कसा निगरगट्ट झालास?"

पुढे रेल्वेचं फाटक बंद होतं. निरंजनने इंजीन बंद केलं. समोर बघत तो, पेशंटची केस सांगावी तशा आवाजात, सांगू लागला.

"काकांना आणलं तेव्हाच हृदय फार थकलेलं होतं. मला दिसत होतं. मंगळवारी संध्याकाळी मी राउंडला गेलो. काकू शेजारी बसल्या होत्या. काका म्हणाले, काय डॉक्टर, सोडणार केव्हा? मी म्हणालो, होळीला घरी. दोन दिवसांवर होळी होती. मला माहीत होतं की नाही जमणार. तरी बोललो. बुधवारी सकाळी साडेनऊला गेले. मी तिथेच होतो. पाऊण तास केलं जे करायचं ते. बाहेर आलो तर कॉरिडॉरच्या काचेतून काकू दिसल्या, बाकावर. मांडीवर डबा. मी दाराला हात लावला, आई. खरंच लावला. आणि मग ज्युनिअरला म्हणालो, तू सांग. मागच्या जिन्याने ओपीडीत गेलो. चाळीस पेशंट बसले होते."

"त्याने काय सांगितलं?"

"माहीत नाही. मी विचारलं नाही."

फाटक उघडलं. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. माणिकबाईंना पोराचा राग येत होता आणि त्याची कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांना रडू फुटेना. "चल," त्या एवढंच म्हणाल्या.

सरोजबाई तळमजल्यावर राहायच्या. दार त्यांनीच उघडलं. इस्त्रीची फिकट साडी, पांढरे केस नीट बांधलेले. "अग, माणिक! आणि डॉक्टर! या, या. तुम्ही कशाला तसदी घेतलीत?" त्यांनी निरंजनसाठी खुर्ची पुढे केली, पंख्याचं बटण हिवाळ्यातही सवयीने चाचपलं आणि पाण्याचे दोन पेले आणले. सोबत गुळाचा खडा. पाण्याबरोबर काही गोड दिल्याशिवाय त्या घरात कुणाला पाणी मिळालेलं नव्हतं.

मग सगळी चौकशी झाली. गुडघे कसे आहेत, अण्णांचा खोकला, मृणाल आली का, नवरदेव बख्शी का तालाबलाच आहे की बदली झाली. मटार स्वस्त झाले. धुकं यंदा लवकर. सरोजबाईंचं बोलणं इतकं गोड आणि इतकं बिनचूक होतं की त्यात बोट शिरकवायला जागा नव्हती. चिडली असती, दोन शब्द सुनावले असते तर माणिकबाईंना हायसं वाटलं असतं. पाहुण्यासारखं वागवणं ही केवढी शिक्षा आहे हे त्यांना आज कळत होतं. निरंजन पेला हातात धरून बसला होता. तो पाणी प्यायला नव्हता.

"बसा हं, चहा टाकते," सरोजबाई उठल्या.

"चहा नको, सरोज," माणिकबाई म्हणाल्या. "आम्ही भेटायला आलोय."

सरोजबाई जागच्या जागी थांबल्या. कुणी गेलेल्या घरी भेटायला जातात तेव्हा चहा घेत नाहीत, हे दोघींनाही सांगायची गरज नव्हती. भिंतीवर विष्णुपंतांचा फोटो होता, चष्म्यासकट. एप्रिलमध्ये माणिकबाई बसल्या होत्या तीच ही खोली.

"तू तर भेटून गेलीस."

"मी गेले. हा आला नव्हता."

"कामं असतात ग त्यांना."

"सरोज, तू त्याला पाठीशी घालू नकोस. आठ महिने घातलंस तेवढं पुरे झालं. मला शरमेने मान वर करता येत नाहीये." माणिकबाईंचा आवाज फाटला. "याला बोल. हवं ते बोल. पण असं 'या डॉक्टर, बसा डॉक्टर' करू नकोस. माझ्याने बघवत नाही."

सरोजबाई हळूच पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांनी निरंजनकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी "भैया, धनिया दे जाना" म्हणून ओरडलं आणि सायकलची घंटी वाजत दूर गेली.

"मी तिथेच होतो, काकू," निरंजन म्हणाला. एवढ्यासाठी त्याला आठ महिने लागले होते. पेला त्याने खाली ठेवला. "ते गेले तेव्हा मी त्यांच्याजवळ होतो. तुम्हाला सांगायला मीच यायला हवं होतं. काचेतून तुम्ही दिसलात आणि माझी हिंमत झाली नाही."

"त्या मुलाने सांगितलं मला," सरोजबाई म्हणाल्या. "चांगला होता. घाईत होता बिचारा. उभ्याउभ्या म्हणाला, माताजी, पेशंट नहीं रहे, बॉडी चार बजे मिलेगी. मग त्याला कुणीतरी हाक मारली." त्या पदराशी चाळा करत होत्या. "मला एकच विचारायचं होतं रे. मग तो पुतण्या आला, लोक आले, ते राहूनच गेलं. नंतर कुणाला विचारायचं? त्यांना त्रास झाला का?"

निरंजन खुर्चीवरून उठला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसला, लहानपणी पाढे म्हणायला बसायचा तसा. आणि त्याने सगळं सांगितलं. आठला त्यांना जाग आली. नर्सला गुड मॉर्निंग म्हणाले. पावणेनऊला घाम सुटला, छातीत दुखतंय म्हणाले नाहीत, जड वाटतंय म्हणाले. मग शुद्ध गेली, लगेच. "त्यानंतर त्यांना काही कळलं नाही, काकू. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. मी होळीला घरी म्हणालो तेव्हा खोटं बोललो होतो. मला माहीत होतं. पण हे खरं आहे."

"ते खोटं आम्हाला माहीत होतं," सरोजबाई म्हणाल्या.

निरंजनने मान वर केली.

"तू खोलीबाहेर गेलास तसे मला म्हणाले, पोरगं खोटं बोलतंय. लहानपणापासून याला खोटं बोलता येत नाही, खालचा ओठ आत जातो. मी रडायला लागले. तर म्हणाले, रडू नकोस, त्याला कळता कामा नये. उद्या तो आला की त्याला विचार, होळीला पुरण किती घालू, तुझ्याकडेही पाठवू का? म्हणजे त्याला वाटेल आपण विश्वास ठेवला." त्या क्षणभर थांबल्या. "तेच विचारायला मी सकाळपासून बाकावर बसले होते."

निरंजनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एकोणपन्नास वर्षांचा माणूस, खांदे हलत होते आणि आवाज निघत नव्हता. माणिकबाई उठायला निघाल्या, पण सरोजबाईंनी हाताने त्यांना थांबवलं आणि स्वतःच त्याच्या डोक्यावर हात ठेवला.  माणिकबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. मरणाऱ्या माणसाने आपल्या डॉक्टरचं मन जपावं, आणि आपण शिकलेसवरलेले, आपल्याला एक दार ढकलून बाहेर येता येऊ नये! आपल्या पोराचं हे दैन्य त्यांना कळत होतं, आणि त्यातून तो आज बाहेर आला हेही.

"पत्र लिहायला नको होतं मी तसं," सरोजबाई म्हणाल्या. "पाकिटावर यांचं नाव बघितलं आणि डोकंच फिरलं. रात्रभर विचार केला, मग लिहिलं. टाकल्यावर वाईट वाटलं. पेटीतून परत काढता येत असतं तर काढलं असतं."

"बरं केलंस लिहिलंस," माणिकबाई म्हणाल्या. "नाहीतर हा आला असता का?"

निरंजनने रुमालाने तोंड पुसलं. रुमाल त्याचा नव्हता, सरोजबाईंनी पुढे केला होता. तो उठून उभा राहिला, पण आता काय करावं हे त्याला सुचेना. हातात पत्रिका नाही, अक्षता नाहीत, काही नाही. आईकडे बघितलं, तर तिनेही मान हलवली नाही. हे तिला सांगता येण्यासारखं नव्हतं.

सरोजबाईंनी दोघांकडे पाहिलं. मग पलंगावर जरा सावरून बसल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि म्हणाल्या, "बरं, निरू. आता मला सांग, देवयानीचं लग्न कधी आहे?"

"रविवारी, काकू," निरंजनने हात जोडले. "तेरा डिसेंबरला. सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी मुहूर्त आहे, विकास नगरच्या हॉलमध्ये. तुम्ही यायचं. तुम्ही आल्याशिवाय आम्ही अक्षता टाकणार नाही."

पत्रिकेचं पाकीट समोरच्या फडताळात, फोटोखाली, उघडंच होतं. सरोजबाईंना तारीख पाठ होती, मुहूर्तही पाठ होता. तरी त्यांनी ते सगळं मान हलवत, नव्याने ऐकल्यासारखं ऐकून घेतलं.